वारीत प्रश्नावली घेऊन गेले आणि फसले

नातेपुतेकरीण

राम कृष्ण हरी. जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी समाजशास्त्रात एम. ए. करायचं डोक्यात घेतलं, दूरशिक्षणातून. शेवटच्या वर्षाला प्रकल्प असतो. ‘आधुनिक समाजातील धर्म’ हा विषय मीच मागून घेतला, कारण माउलींची पालखी दरवर्षी बरडहून आमच्या गावात मुक्कामाला येते आणि दुसऱ्या दिवशी माळशिरसकडे जाते. अभ्यासाचा विषय पायी चालत दारात येतोय तर कशाला दुसरीकडे जा? मार्गदर्शक सर म्हणाले, शंभर प्रश्नावल्या भरा, टक्केवारीचे तक्ते करा, निष्कर्ष लिहा.

२०२५ च्या आषाढीला तीन दिवस रजा टाकली आणि बरड ते माळशिरस फिरले. बासष्ट भरल्या. पहिला प्रश्न: ‘तुम्ही स्वतःला कितपत धार्मिक समजता?’ खाली पाच चौकटी, ‘अत्यंत’पासून ‘अजिबात नाही’पर्यंत. परभणीकडचे एक बाबा म्हणाले, “धार्मिक आमचे जावई. ते सत्यनारायण घालतात. मी नुसता माळकरी.” आता कोणत्या चौकटीत खूण करू? दुसरा प्रश्न देवावर विश्वास आहे का. हिंगोलीच्या एक आजी माझ्याकडे बघत राहिल्या, मग शेजारणीला म्हणाल्या, “बाईचं काहीतरी बिनसलंय गं घरी.” आणि माझी चौकशी सुरू केली, मालक काय करतात, मुलं किती. एकीने विचारलं, हे लिहून दिल्यावर अनुदान मिळतं का? तिचंही चुकलं नाही. २०२४ साली सरकारने दिंडीमागे २० हजार रुपये जाहीर केले तेव्हापासून कागद घेऊन आलेलं माणूस म्हणजे सरकारी, अशी समजूत झालीय.

घरी येऊन बेरीज केली. बासष्टपैकी एकसष्ट देव मानतात. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकन सर्वेक्षण संस्थेने २०१९-२० मध्ये भारतभर जवळजवळ ३० हजार माणसांना विचारलं तेव्हा ९७ टक्के निघाले होते. म्हणजे मी रजा खर्च करून, उन्हात फिरून त्याच आकड्यावर येऊन बसले.

आणि तो उरलेला एक! लातूरकडचा पखवाजी आहे, एकोणीस वर्षं चालतोय. म्हणाला, “देवाचं मला ठाऊक नाही ताई. एकादशी धरत नाही. पण अठरा-वीस दिवस असं वाजवायला दुसरीकडे कुठे मिळतं?” माझ्या तक्त्यात हा ‘अधार्मिक’. त्याने पखवाजावर थाप मारल्याशिवाय मागचे टाळकरी पाऊल टाकत नाहीत, आणि तक्ता म्हणतो हा अधार्मिक.

पुस्तकात आमच्याकडे अजून तेच शिकवतात की शहरं, विज्ञान, शिक्षण वाढलं की धर्म ओसरतो. समाजशास्त्रज्ञ पीटर बर्गर यांनी १९६८ साली म्हटलं होतं की एकविसाव्या शतकात श्रद्धाळू माणसं लहान लहान गटांत एकमेकांना धरून उरतील. त्यांनीच पुढे १९९९ मध्ये आपलं चुकलं असं लिहून टाकलं. (ही मला फार आवडलेली गोष्ट. आमच्याकडे चूक कबूल करायला प्राध्यापक निवृत्त व्हावा लागतो.) पण बर्गर चुकले एवढं सांगायला प्रकल्प कशाला हवा, पालखीतळावर उभं राहिलं तरी कळतं. धर्म कमी झाला की वाढला, या मोजमापातच मला आता गडबड वाटतेय. मग विचारायचं काय? ज्यांनी असं काम केलंय किंवा जे वारी करतात त्यांनी सांगा. उरलेल्या अडतीस प्रश्नावल्या कोऱ्या आहेत.

खतवाला

ताई, करमाळा तालुक्यात माझं खत-बियाण्याचं दुकान आहे आणि १९९४ ला समाजशास्त्रातच एम. ए. झालोय. दोन्हीचा एकमेकांना उपयोग नाही असं घरचे म्हणतात. आज झाला तर बघू.

जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर १९०४ च्या शरद ऋतूत बायकोबरोबर अमेरिकेत फिरत होते. नॉर्थ कॅरोलायनात माउंट एअरी गावाजवळ त्यांचे नातलग होते. तिथे एका रविवारी बाप्तिस्मा बघायला गेले. थंडी कडाक्याची, आणि माणसं एकेक करून तळ्याच्या पाण्यात बुडी मारून बाहेर येतायत. त्यांत एक तरुण पाण्यात उतरल्यावर वेबरांचा नातलग म्हणाला, बघा, मी म्हणालोच होतो. का? तर त्या तरुणाला गावात बँक काढायची आहे. वेबरांनी विचारलं, या बाप्तिस्ट पंथाचे ख्रिस्ती लोक एवढे आहेत का इथे की त्यांच्यावर बँक चालेल? उत्तर आलं, तसं नाही, पण मंडळीत घेण्याआधी माणसाच्या वागण्याची कडक चौकशी होते. दारू, जुगार, उधारी, सगळं. एकदा त्यातून पार पडला की सगळ्या पंचक्रोशीच्या ठेवी त्याच्याकडे येणार.

वेबरांना यातून दिसलं ते हे की जन्माने मिळणारा धर्म वेगळा आणि आपण होऊन, पारख होऊन ज्यात शिरायचं तो पंथ वेगळा. अशा पंथाला बाजारात किंमत असते.

आता माझ्या गल्ल्यावर या. जूनमध्ये पेरणीच्या तोंडावर माणूस येतो, पैसे दिवाळीनंतर देतो म्हणतो. माझे वडील गळ्याकडे बघायचे. तुळशीची माळ दिसली की वहीत नाव. जात बघायचे का? बघायचे, खोटं कशाला बोलू. पण माळ त्याच्यावर चढ होती. माळ म्हणजे दारू नाही, मटण नाही, आणि मुख्य म्हणजे माळ घातलेली सगळ्या गावाला माहीत असते, तो प्यायला तर चार जण येऊन सांगतात. आमचा फुकटचा पहारा.

दोन माळकऱ्यांनी मला चांगलंच बुडवलंय, तेही सांगतो. एकाने २०१६ ला ठिबकचं सामान नेलं ते अजून देतोय. वडील गेल्यावर मी वहीच बंद केली, आता आधार कार्ड आणि सातबारा मागतो. म्हणजे बघा, धर्म कमी झाला का? माळकरी तेवढेच आहेत, कदाचित जास्तच. पण माझ्या दुकानात माळेचं जे काम होतं ते कागदाने घेतलं. कोणत्या कामातून धर्म बाहेर पडला आणि कोणत्या कामात नव्याने घुसला, हे विचारा. ‘धार्मिक आहात का’ विचारून हे निघणार नाही. विचारा की माळ कोणी घातली, कितव्या वर्षी, कधी काढून ठेवावी लागली का आणि तेव्हा घरात कोण काय बोललं. शेवटच्या प्रश्नाला माणूस अर्धा तास बोलेल. खुर्ची घेऊन जा.

रोखठोक_७१

एवढा काथ्याकूट कशाला? शिकलेला माणूस देव मानत नाही, अडाणी मानतो. प्रकल्प संपला.

नातेपुतेकरीण

रोखठोकदादा, माझ्या बासष्टांत नऊ पदवीधर, दोन इंजिनियर आणि एक निवृत्त गटविकास अधिकारी आहेत. पुण्यातून आयटीतली मुलंमुली कंपनीचे टी-शर्ट घालून दिवे घाट चढतात ते तर वेगळेच. तुमचा प्रकल्प नापास.

खतवालादादा, बँकेची गोष्ट सासूबाईंना वाचून दाखवली. म्हणाल्या, “मग पाण्यात बुडी मारून त्याने बँक बुडवली की नाही ते लिहिलंय का?”

वीणेकऱ्याचा पोरगा

माझे आजोबा, मग वडील, दोघांकडे दिंडीची वीणा. माझ्याकडे वीणा नाही, हिशेबाची वही आहे. माउलींच्या रथामागे आमची दिंडी चालते, नंबर सांगत नाही. रथापुढच्या सत्तावीस दिंड्यांचा मान वेगळा आणि मागच्यांचा वेगळा. समतेची वारी म्हणणाऱ्यांनी या नंबरांवरून होणारी भांडणं एकदा ऐकावीत.

ताई, तुम्ही प्रश्न चालताना विचारलेत की मुक्कामावर? चालताना माणूस त्याच्या दिंडीचा असतो, अभंग सोडून तुमच्याशी बोलला म्हणजे पाहुण्याशी बोलावं तसं बोलणार. तुम्ही खरं तर समाजआरतीला उभं राहायला हवं होतं. संध्याकाळी पालखी तळावर येते, सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात, टाळांचा नुसता गजर. मग चोपदार चोप वर करतात आणि क्षणात सगळं गप्प. एवढ्या माणसांत पावसाचा थेंब ताडपत्रीवर पडलेला ऐकू येतो. आणि त्या शांततेत एखादी दिंडी टाळ वाजवत राहते. ती वाजवते कारण तिची तक्रार असते. कोणी वाटेत मारहाण केली, कोणी रांग मोडली, टँकर आला नाही. चोपदार तिथे जातात, ऐकून घेतात, निवाडा होतो, मग हरवलेल्या-सापडलेल्या वस्तूंचं सांगतात, उद्या कधी निघायचं ते सांगतात, आणि आरती. तुमच्या पुस्तकात धर्म एका प्रकरणात आणि न्यायव्यवस्था दुसऱ्या प्रकरणात असेल. तळावर दोन्ही एकाच टाळात आहेत.

आता वहीचं. आमच्यात दरडोई भिशी असते. त्यात दोन वेळचं जेवण, चहा, ट्रकमध्ये सामान, राहुटीत जागा. भिशी कोणी भरली, कोणाची कोणी भरली, कोणाची माफ केली, हे सगळं लिहिलेलं असतं. २०२० ला वारी पायी झालीच नाही, पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. आमच्याकडे काही जणांची भिशी आधीच जमा होती. परत द्यायला फोन केले तर निम्म्या लोकांनी घेतली नाही. एक जण म्हणाला, राहू दे, नाव वहीत राहील. देवावर विश्वास किती टक्के ते माहीत नाही. वहीत नाव राहावं याला मात्र माणूस पैसे मोजतो, हे मी डोळ्यांनी बघितलं.

आणि जेवण. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे वारीला गेल्या होत्या, त्यावरच्या त्यांच्या लेखाचं इंग्रजी भाषांतर १९६२ ला अमेरिकेतल्या जर्नल ऑफ एशियन स्टडीजमध्ये आलं आणि जगभरच्या अभ्यासकांनी ते वाचलं. यात्रांचा अभ्यास करणारे मानववंशशास्त्रज्ञ व्हिक्टर टर्नर यांनीही वाचलं. यात्रेला निघालेला माणूस आपली समाजातली पायरी वाटेत उतरवून ठेवतो आणि सगळे सारखे होतात, हे टर्नर यांचं म्हणणं. पण कर्वेबाईंनी लिहिलेलं नीट वाचा. त्यांच्याच दिंडीत ब्राह्मण वेगळे जेवत होते, मराठे वेगळे, आणि बाईंना ते डाचत होतं. दिवसभर एका चालीत अभंग म्हणायचा आणि भाकरीला बसताना पांगायचं. हे मला लहानपणी आजोबांनी सांगितलंय, त्यांना ते डाचत नव्हतं. म्हणायचे, चालणं विठोबाचं, जेवण घरचं.

आजही पंढरपुरात मठ आणि धर्मशाळांच्या पाट्या वाचत जा, कितीतरी पाट्यांवर समाजाचं नाव आहे. साने गुरुजींना मे १९४७ मध्ये दहा दिवस उपाशी राहावं लागलं तेव्हा विठ्ठलाचं दार सगळ्यांना उघडलं. दार उघडलं, पाट्या आहेत.

इंदोऱ्यातला

नागपूरहून. वारीतलं मला काही कळत नाही, आमच्याकडे वेगळा रस्ता आहे. पण ‘धर्म’ या रकान्याबद्दल बोलायला माझ्याइतका हक्क कोणाला नसेल.

१४ ऑक्टोबर १९५६ ला माझे आजोबा दीक्षाभूमीवर होते. घरी आले आणि आजीने देव्हाऱ्यातले टाक काढून नदीत सोडले. ती रडली असं वडील सांगायचे, आजी सांगायची नाही. मग कागदाचा खेळ सुरू झाला. बौद्ध लिहिलं तर केंद्राच्या सवलती जायच्या, कारण अनुसूचित जातीत तेव्हा हिंदू आणि शीखच धरत. १९९० ला कायदा बदलला तेव्हा बौद्धही आले. मधली चौतीस वर्षं आमच्या एका घरात दोन धर्म होते, एक भिंतीवर आणि एक दाखल्यावर. वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर हिंदू महार, त्यांच्या धाकट्या भावाच्या दाखल्यावर बौद्ध, दोघं एकाच ताटात जेवणारे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ६५ लाख बौद्ध निघाले, देशातल्या बौद्धांपैकी तीन चतुर्थांशांहून जास्त. त्यात माझ्या वडिलांसारखे किती धरायचे राहिले आणि किती धरले, हे रकाना सांगत नाही.

आणि बाबासाहेबांनी तर ‘धर्म’ आणि ‘धम्म’ हे दोन वेगळे शब्द मुद्दाम ठेवले. धर्म म्हणजे देव, आत्मा, पूजा. धम्म म्हणजे माणसाने माणसाशी नीट वागणं, असं त्यांनी मांडलं. म्हणजे तुमचा ‘देवावर विश्वास आहे का’ हा प्रश्न मला विचारलात तर मी ‘नाही’ म्हणणार, आणि तुमच्या तक्त्यात त्या पखवाज्याशेजारी जाऊन बसणार. बसायला हरकत नाही, माणूस बरा वाटतोय.

एक सुचवतो. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर किंवा दसऱ्याला दीक्षाभूमीवर या. रांगेत लागू नका, पुस्तकांच्या स्टॉलवर थांबा. लोक पिशवीत काय घेऊन घरी जातात ते बघा. आमच्या आईला अक्षरओळख नव्हती, तरी दरवर्षी एक पुस्तक घ्यायची. कपाटात ती पुस्तकं अजून आहेत, काहींची पानं फाडलेलीही नाहीत, जोडलेलीच आहेत. ही श्रद्धा म्हणायची का? मला नाही ठरवता येत. पण पंढरपूरहून काय आणतात आणि नागपूरहून काय नेतात, एवढं शेजारी शेजारी लिहिलंत तरी तुमचा प्रकल्प वाचावासा वाटेल.

म्युनिकचा मन्या

थोडक्यात लिहितो, गाडी पकडायचीय. जर्मनीत पत्ता नोंदवायला गेलो तेव्हा फॉर्मवर धर्माचा रकाना होता. मी कौतुकाने काहीतरी लिहिणार तेवढ्यात बरोबरचा मित्र म्हणाला, थांब, तो रकाना पगाराला जोडलेला आहे. कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट लिहिलं की आयकरावर आमच्या बायर्नमध्ये आठ टक्के चर्चकर, बहुतेक इतर राज्यांत नऊ. कर नको असेल तर सरकारी कचेरीत जाऊन चर्च सोडल्याची नोंद करायची. २०२३ मध्ये एकट्या कॅथलिक चर्चमधून चार लाखांवर माणसं अशी बाहेर पडली.

माझी शेजारीण त्याच्या आधल्या वर्षीच बाहेर पडली. नाताळात मध्यरात्रीच्या प्रार्थनेला तरी जाते. विचारलं तर म्हणाली, गाणी चांगली असतात. तुमच्या पखवाज्याला सांगा.

नातेपुतेकरीण

सगळ्यांचे आभार. इंदोऱ्यातलेदादा, तुमच्या आईंच्या कपाटाबद्दल वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. तुमची हरकत नसेल तर प्रकल्पात घेईन, गावाचं नाव न घालता.

वीणेकऱ्याच्या पोराने जेवणाचं लिहिलं म्हणून काल भांडी घासताना सासूबाईंना विचारलं. एकतीस वाऱ्या झाल्यात त्यांच्या, आणि मी येडी बाहेर परक्यांना चौकटी दाखवत फिरत होते. विचारलं, आत्या, तुमच्या दिंडीत पंगत एकच का? म्हणाल्या, एकच की. पहिल्यापासून? नाही, पहिल्या वर्षांत आमची चूल वेगळी, माळ्यांची वेगळी, आणखी दोन-तीन असायच्या. मग एक कधी झाली? कोणी महाराजांनी कीर्तनात सांगितलं का?

तर म्हणाल्या, कसलं कीर्तन. पावसात चुली पेटेनात, बायका रात्री अकरापर्यंत भाकऱ्या थापायच्या आणि पहाटे तीनला उठायच्या. दोघी-तिघी आजारी पडल्या. मग दिंडीने आचारी लावला, गॅसच्या टाक्या आणि मोठी पातेली घेतली, भिशी वाढवली. आचाऱ्याचं पातेलं एकच, मग पंगत एकच. “आचारी कोण होता?” विचारलं तर म्हणाल्या, “होता बार्शीकडचा कोणी. पैसे भरलेले, कोण विचारतंय?” थोडं थांबून म्हणाल्या, “पहिल्या वर्षी दोघी म्हाताऱ्या जेवल्या नाहीत. दशम्या आणल्या होत्या घरनं. दशम्या संपल्यावर जेवल्या.”

म्हणजे सातशे वर्षांच्या अभंगांनी जे होत नव्हतं ते गॅसच्या टाकीने केलं, असं लिहायचा मला मोह झाला होता. पण पुढचा प्रश्न विचारला आणि मोह गेला. राहुटीत कोण कोणाजवळ झोपतं? त्यावर म्हणाल्या, ज्याच्या त्याच्या गावचे. आणि गावातले? त्या माझ्याकडे बघून हसल्या आणि पातेलं उपडं घातलं.

तर आता प्रश्नावलीतले पहिले दोन प्रश्न काढून टाकलेत. नवे आहेत: माळ कोणी घातली, भिशी कोण भरतं, पंगत एक कधीपासून, राहुटीत शेजारी कोण, परत जाताना काय नेता. बासष्टांपैकी एकोणीस जणांचे मोबाइल नंबर माझ्याकडे आहेत, त्यांना फोन करतेय. पखवाजीदादांना पहिला केला. भिशीचं विचारलं तर म्हणाले, मला माफ आहे, वादकाला घेत नाहीत. मग म्हणाले, पण मी भरतो.

का, ते विचारायच्या आत त्यांचा मोबाइल कट झाला. उद्या परत लावते. सर तक्ता मागतायत, ‘राहुटीत शेजारी कोण’ याचा तक्ता कसा करतात ते कोणाला येत असेल तर सांगा.